पाचवी खुर्ची ट्रंपेटसाठी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला की दोन-तीन दिवसांनी पेपरात परीक्षण येते. व्हायोलिनांवर दोन परिच्छेद, कंडक्टरवर एक आणि ट्रंपेटच्या वाट्याला एक वाक्य : ‘ट्रंपेटचा सूर मात्र दोन ठिकाणी फाटला.’ वाक्य बहुतेक वेळा खरे असते, त्याबद्दल तक्रार नाही. तो का फाटला हे मात्र कुणी विचारत नाही, आणि न विचारणाऱ्यांत आयोजकही असतात. आमचे सांगणे त्यांच्यासाठी आहे. मोठी सिम्फनी बसवायची ठरली की पहिल्या ट्रंपेटवाल्याशेजारी एक जादा वादक बसवा, आणि तालमीचे वेळापत्रक ओठाकडे बघून आखा. एवढ्या दोन गोष्टींत पैसे वाचवले जातात आणि तिथेच कार्यक्रम बिघडतो.

एक खुलासा आधी. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की जुन्या हिंदी गाण्यांची संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. ट्रंपेट तिथेही असतो. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांनी हे वाद्य काय करू शकते ते दाखवूनच ठेवले आहे. पण त्या गाण्यांत ट्रंपेटचा तुकडा आठ-दहा सेकंदांचा. पुढे गायक गातो आणि वादक दम घेतो. इथे प्रश्न आहे तो ऐंशी-नव्वद वादकांच्या, कागदावरच्या नोटेशनला बांधलेल्या आणि तासाहून जास्त चालणाऱ्या रचनेचा.

ट्रंपेट म्हणजे गुंडाळलेली, साधारण दीड मीटर लांबीची नळी. पेटीत पत्ती हलते, क्लॅरोनेटमध्ये रीड हलते. ट्रंपेटमध्ये यातले काही नाही, ओठच हलतो. ज्या सुरावर सगळा वाद्यवृंद जुळवतात त्या ४४० च्या ‘ए’साठी ओठाची उघडझाप सेकंदाला ४४० वेळा होते. बी-फ्लॅट ट्रंपेटवर वादक ज्याला ‘हाय सी’ म्हणतात तिथे ती ९३० च्या वर जाते. हे सारे घडते माउथपीसच्या रिमच्या, म्हणजे ओठाला टेकणाऱ्या कडेच्या आत, सोळा-सतरा मिलिमीटरच्या वर्तुळात. रुपयाचे नाणेही त्याहून मोठे असते.

बोटांनी दाबायचे पिस्टन तीन. पहिला सूर एका स्वराने उतरवतो, दुसरा अर्ध्याने, तिसरा दीड स्वराने. सगळे मोकळे सोडणे धरले तरी बोटांच्या जुळण्या आठच होतात, आणि सूर काढायचे असतात तीसएक. म्हणजे एकाच जुळणीवर अनेक सूर बसलेले असतात. त्यांतला कोणता निघणार हे ओठ आणि फुंक ठरवते. खालच्या पट्टीत हे सूर एकमेकांपासून लांब असतात, चुकायला जरा वाव असतो. वर जाल तसे ते जवळ येतात आणि हाय सीच्या पुढे तर एकेका स्वराच्या अंतरावर येऊन बसतात. ओठ केसभर ढिला पडला की शेजाऱ्याच्या घरात. परीक्षणातले ‘फाटणे’ बहुधा हेच असते : दोन सुरांच्या मधल्या उंबरठ्यावर ओठ क्षणभर अडखळतो आणि मग आपल्या जागी येतो. ऐकणाऱ्याला तो क्षण लख्ख कळतो.

त्यातही सगळ्यात धोक्याची असते ती सुराची सुरुवात. सूर एकदा धरला की बेलपाशी, म्हणजे ट्रंपेटच्या पसरट तोंडापाशी, आपटून परत येणारी लहर ओठाला आतून आधार देते. पण नळीत जाऊन परत यायला तिला सेकंदाचा साधारण सव्वाशेवा भाग लागतो. तेवढ्यात हाय सीवर ओठाची सात-आठ कंपने होऊन गेलेली असतात, कशाच्याही आधाराशिवाय. सूर वाजण्याआधी मनात नेमका ऐकू आला पाहिजे आणि ओठ त्या ताणावर आधीच बसलेला पाहिजे. व्हायोलिनवाला बोट किंचित सरकवून सूर सावरतो, गायक मींड घेतो. ट्रंपेटवाल्याला ही सोय नाही. ‘शंभर मात्रा गप्प बसा आणि मग एकदम हळू आवाजात वर शिरा’ असे संगीतकाराने लिहिलेले असले की, अनुभवी वादकसुद्धा शेवटच्या दहा मात्रांपासून श्वास सांभाळायला लागतो. लांबलचक विश्रांतीच्या खुणा मोजणे हेही कामच आहे. गुडघ्यावर बोटे ठेवून मोजणारे वादक तुम्ही पाहिले असतील. ते कंटाळलेले नसतात.

आता एकच रचना जवळून पाहू : संगीतकार गुस्ताव्ह माहलरची पाचवी सिम्फनी. रचना १९०१-०२ ची, पहिला प्रयोग १९०४ साली कोलोन शहरात. ट्रंपेट चार. एकूण वेळ सत्तर मिनिटांच्या आसपास. दिवे मंद होतात, कंडक्टर काठी उचलतो, आणि अख्खा वाद्यवृंद गप्प असताना पहिला ट्रंपेट एकटा सुरू करतो. मरणयात्रेची चाल आहे. तीन छोटे ठोके आणि एक लांब सूर, पुन्हा तेच, मग हळूहळू वर चढत जाऊन सगळा वाद्यवृंद कोसळतो तिथपर्यंत. या तीन-तीनच्या गटांबद्दल माहलरने लिहूनच ठेवले आहे की ते लष्करी तुतारीच्या पद्धतीने, किंचित घाईने वाजवावेत. मेट्रोनोमला धरून सारख्या अंतराने वाजवले तर निर्जीव वाटतात. फार पळवले तर तीनाचे दोनच ऐकू येतात. कामठीच्या छावणीचा बिगुल लहानपणापासून ऐकलेल्यांना ही ‘किंचित घाई’ शब्दांत सांगावी लागत नाही. इतरांना सांगूनही महिनाभर लागतो.

बोटांचा प्रश्न वेगळाच. सुरुवातीचा सूर सी-शार्प, खालच्या पट्टीतला. वाद्यवृंदात बरेच वादक सी ट्रंपेट वापरतात, आणि त्यावर या सुराला तिन्ही पिस्टन एकत्र दाबावे लागतात. तिन्ही दाबले की सूर चढा येतो, हा वाद्याचा जन्मजात दोष आहे. कारण सोपे आहे : प्रत्येक पिस्टन जोडतो ती जादा नळी मोकळ्या नळीच्या हिशोबाने कापलेली असते. एक पिस्टन दाबून नळी आधीच लांब झाली की दुसऱ्याची जादा नळी तोकडी पडते, तिसऱ्याची आणखीच. ती तूट भरून काढायला डाव्या हाताच्या बोटाने तिसऱ्या पिस्टनची स्लाइड (सरकती नळी) दोन सेंटिमीटरच्या आसपास बाहेर सरकवावी लागते, आणि पुढच्या सुराला परत आत घ्यावी लागते. स्लाइड धुळीने किंवा सुकलेल्या ग्रीसने जड झाली असेल तर पहिलाच सूर चढा, आणि त्याला झाकायला दुसरे वाद्य नाही. हाच सूर बी-फ्लॅट ट्रंपेटवर दुसऱ्या-तिसऱ्या पिस्टनवर येतो, तिथे त्रास बराच कमी. कोणता ट्रंपेट घ्यायचा हे म्हणून पहिल्या तालमीच्या आधी ठरलेले असावे, आदल्या रात्री नव्हे. आमचे मत विचाराल तर सुरुवात बी-फ्लॅटवरच करावी.

सुरुवात साधली म्हणजे सुटका झाली असे नाही. पहिल्या भागात ती हाक पुन:पुन्हा येते. दुसरा भाग वादळी आहे. तिसरा सगळ्यात लांब. त्यात हॉर्नचे मोठे एकल काम आहे, पण ट्रंपेटही मोकळे नसतात. चौथा भाग फक्त तंतुवाद्ये आणि हार्प यांचा, नऊ-दहा मिनिटांचा. श्रोत्यांना तो सर्वांत गोड वाटतो. ट्रंपेटवाल्यांना तो छळतो, कारण एसीच्या झोतात पितळ थंड पडते, सूर उतरतो, ओठ आखडतो, आणि पाचव्या भागाच्या अखेरीस पितळी वाद्यांनी मिळून जे भव्य गायन करायचे असते ते याच ओठाने करायचे असते. जाणता वादक त्या दहा मिनिटांत ट्रंपेट मांडीवर आडवा ठेवून माउथपीस मुठीत धरतो, आणि मधूनमधून आवाज न करता वाद्यात उबदार श्वास सोडतो. शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

ओठाचे गणित इथे येते. माउथपीसखाली ओठ दाबला जातो तेव्हा तिथले रक्त अडते. स्नायू थकला की वादक नकळत जास्त दाबतो, जास्त दाबले की रक्त आणखी अडते, ओठ सुजतो, बधिर होतो, आणि बधिर ओठाला आपण कुठे बसलो आहोत हे कळत नाही. या चक्रातून बाहेर पडायचा उपाय एकच, ट्रंपेट खाली ठेवणे. सरावातही जेवढा वेळ वाजवले तेवढाच वेळ थांबायचे, हा म्हणून जुना नियम आहे. भर कार्यक्रमात ट्रंपेट खाली ठेवता येतो तो फक्त शेजारी कुणी असेल तरच.

जगभरच्या व्यावसायिक वाद्यवृंदांत यासाठी साधी व्यवस्था असते. पहिल्या ट्रंपेटच्या बाजूला एक साहाय्यक बसतो. त्याचे स्वतःचे वेगळे नोटेशन नसते. पहिल्याच्याच कागदावर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात : इथून इथपर्यंत तू, इथून मी. सगळा वाद्यवृंद गर्जत असतो तिथे साहाय्यक वाजवतो आणि पहिला ओठ मोकळा करतो; चारही ट्रंपेट जोरात आहेत तिथे लांब सूर साहाय्यक धरतो, म्हणजे पहिल्याला श्वास चोरावा लागत नाही. उघडी, एकट्याची वाक्ये पहिल्यासाठी राखून ठेवतात. माहलरच्या पाचवीत दुसरा भाग आणि तिसऱ्यातले गजबजलेले तुकडे असे वाटून घेतले तर शेवटच्या पाच मिनिटांसाठी ओठ शिल्लक राहतो. खुणा कुठे करायच्या हे पहिल्या वादकाने ठरवावे, कंडक्टरने नव्हे. आणि साहाय्यक म्हणून विद्यार्थी बसवला तर स्वस्त पडते खरे, पण मग जोराच्या जागी त्याचा सूर चढतो आणि पहिल्याला त्याला सावरत बसावे लागते. त्यापेक्षा खुर्ची रिकामी बरी.

चार ट्रंपेट लिहिलेले असताना पाचवा कशाला, असा प्रश्न अंदाजपत्रकाच्या बैठकीत हमखास येतो. त्याचे उत्तर वरच्या तीन परिच्छेदांत आहे.

दुसरी काटकसर हॉलच्या भाड्यात होते. सभागृह एकाच दिवसासाठी घेतले जाते. मग सकाळी दहाला पूर्ण रचना एकदा, दुपारी साउंड चेकच्या नावाखाली ‘फक्त मोठे तुकडे’ आणि संध्याकाळी साडेसहाला कार्यक्रम. मोठे तुकडे म्हणजे नेमके ट्रंपेटचेच तुकडे. एका ओठाने एका दिवसात माहलर अडीच वेळा वाजवला, आणि तिकीट काढून आलेल्यांनी ऐकला तो शेवटचा. पूर्ण ताकदीची तालीम कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी व्हावी. आदल्या दिवशी ट्रंपेटवाल्यांना हातचे राखून वाजवू द्यावे : वरचे सूर खालच्या सप्तकात, जोर निम्मा. कंडक्टरला ते आवडत नाही, कारण त्याला तोल ऐकायचा असतो. पण तो तोल दोन दिवसांपूर्वीच ऐकून झालेला असतो. कार्यक्रमाच्या दिवशी फक्त सुरुवाती, शेवट आणि अवघड जोड, चाळीस मिनिटांत. आणि तालमीत ट्रंपेटचे काम आधी उरकावे, तंतुवाद्यांची बारीक दुरुस्ती मागाहून. उलटे केले तर पितळवाले दीड तास गार बसून राहतात आणि मग थेट वरच्या सुरांवर उडी मारतात.

आता आपले हवामान. तापमान एका अंशाने वाढले की नळीतल्या हवेचा सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे तीन शतांशांनी चढतो. वादकाच्या श्वासाने आतली हवा आधीच उबदार असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक काहीसा कमी पडतो. तरी मे महिन्यात बाहेर ४४ आणि हॉलमध्ये २२ असेल तर तो कुणाच्याही कानाला कळेल. गंमत अशी की उष्णतेने तारा सैल पडतात, म्हणजे व्हायोलिनचे सूर उतरतात आणि फुंकवाद्यांचे चढतात. दोघे विरुद्ध दिशांना चालू लागतात. तालीम कूलर लावलेल्या खोलीत आणि कार्यक्रम एसीत असेल तर तालमीत जुळवलेल्या स्लाइडच्या खुणा पुसूनच टाकाव्यात. कार्यक्रमाच्या दिवशी एसी तासभर आधी सुरू करून वाद्ये आत आणून ठेवावीत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ट्रंपेट ठेवू नये हे सांगायला नको, पण आवाज दबवायला बेलमध्ये खोचतात ते म्यूटही ठेवू नयेत. म्यूटच्या कॉर्कच्या तीन पट्ट्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. गोंद मऊ झाला की पट्टी सरकते आणि म्यूट नेमका शांत जागी खाली पडतो.

म्यूटबद्दल आणखी एक. साधा, शंकूच्या आकाराचा म्यूट लावला की सूर थोडा चढतो, म्हणून मुख्य स्लाइड किंचित बाहेर काढावी लागते, आणि म्यूट काढताना परत आत. मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या पियानो रचनेचे राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंदासाठी जे रूपांतर केले त्याची सुरुवातही एकट्या ट्रंपेटने होते. पुढे त्यात एक भाग असा आहे की म्यूट लावलेल्या ट्रंपेटला एकाच सुरावर जिभेने भराभर ठोके देत राहावे लागते. म्यूटमुळे फुंकेला जो अडथळा होतो त्यामुळे जीभ जड पडते. सराव म्यूट लावूनच करावा. मोकळ्या ट्रंपेटवर जमले म्हणजे म्यूटसह जमेलच असे नाही.

धुळीचा उपद्रव वेगळा. पिस्टन आणि त्याचे घर यांच्यातली फट इतकी बारीक असते की वरातीत उडालेला एक कण पिस्टन अडकवायला पुरतो. उन्हाळ्यात पिस्टनचे तेल (व्हॉल्व्ह ऑइल) लवकर उडते, तेव्हा दर तालमीआधी दोन-तीन थेंब. पिस्टन पुसायचा तो सुती, धागे न सुटणाऱ्या कपड्याने. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात वाद्य धुवावे. उकळते पाणी लॅकरचा, म्हणजे पितळेवरच्या चकचकीत लेपाचा, सत्यानाश करते. माउथपीसपासून सुरू होणाऱ्या नळीवर लालसर ठिपके दिसू लागले तर समजा आतून पितळ सडत आहे : लाळेतल्या आम्लाने जस्त निघून जाते, तांबे उरते. तो ठिपका घासून जात नाही, नळी बदलावी लागते.

आणि खर्रा. नागपुरात हे लिहिणे भाग आहे. खर्ऱ्यातल्या सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू कडक होते, तोंड पुरते उघडेनासे होते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो. ट्रंपेटवाल्याचे नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण त्याला गालांची आणि ओठांच्या कोपऱ्यांची लवचिकता लागते. शिवाय सुपारीचे कण माउथपीसच्या गळ्यात बसतात. हा गळा साडेतीन-पावणेचार मिलिमीटरचा. त्यात एक कण अडकला तरी सूर घोगरा येतो. सावजीचे रस्से सोडा असे आम्ही म्हणणार नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मात्र नको. तिखटाने हुळहुळलेल्या ओठावर रिम टेकवून बघा म्हणजे कळेल.

शहरातल्या बँड पार्ट्यांत आणि गणवेशातल्या बँडमध्ये उत्तम दमाचे ट्रंपेटवाले आहेत. लगनसराईत ते तीन-तीन तास वाजवतात. पण तिथली रीत वेगळी : मास्टर एक ओळ घेतो, बाकीचे उत्तर देतात, ओठाला आळीपाळीने विसावा मिळतो, आणि मोकळ्या रस्त्यावर सूर कमी-जास्त झाला तर ढोलात विरून जातो. या वादकांना वाद्यवृंदात घ्यायचे तर नोटेशनपेक्षा हळू वाजवणे शिकवायला जास्त वेळ ठेवावा लागेल. रोज दहा मिनिटे अगदी बारीक आवाजात लांब सूर, जिभेचा ठोका न देता नुसत्या श्वासाने सुरू केलेले. चार-सहा महिन्यांत फरक दिसतो. साहाय्यकाच्या खुर्चीसाठी बाहेरगावचा माणूस आणण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, आणि टिकेलही.

मंचावर ट्रंपेटांना फूटभर उंच ओटा द्यावा, म्हणजे बेल समोरच्यांच्या डोक्यांवरून जाते आणि पुढे बसलेल्या व्हायोलावाल्यांचे कान वाचतात. नोटेशनचा स्टँड बेलच्या खाली ठेवावा. स्टँडमध्ये वाजवलेला सूर वादकालाच मोठा ऐकू येतो, श्रोत्यांना दबका. मागे जाड मखमली पडदा असेल तर तो बाजूला करावा, कारण स्वतःचा आवाज परत आला नाही की वादक जोर वाढवतो आणि ओठ तिथेच खर्ची पडतो. माइक लावू नये. साउंडवाल्याने आग्रह केला तरी नाही.

आपले,
वाद्यवृंद व बँडमधील काही ट्रंपेटवादक,
नागपूर